झऱ्याला पाजलेली कळशी

बाळंतीण सव्वा महिन्यानं झऱ्यावर जाते, पाण्यातले सात खडे मांडून सात आसरांना, पाण्यातल्या देवींना, हळदकुंकू वाहते आणि पहिली कळशी भरून घरी आणते. मग तिचं दूध आटत नाही. मुठा खोऱ्यातल्या त्या वाडीत गोजराबाईनं हे सासूकडून ऐकलं होतं, सासूनं तिच्या सासूकडून.

आता तिच्या नातसुनेला, रेश्माला, सव्वा महिना भरला होता. दूध कमीच, तान्हं सारखं किरकिरायचं. आणि झरा दोन वर्षं कोरडा. वरच्या डोंगरात दगडखाण निघाली, सुरुंगांनी घरातली उतरंड हलू लागली, आणि एका उन्हाळ्यात झरा गेला तो गेलाच. तेव्हापासून बायका टँकरची वाट बघत. टँकरलाच कुंकू लावा, असं शेजारणीनं सुचवलं. गोजराबाईनं उलट खाणीला सुट्टी कधी, तेवढं विचारलं.

खाणीच्या सुट्टीदिवशी ती रेश्माला आणि बाळाला घेऊन वर गेली. गोजराबाईनं नवी नवरी असताना जिथं करवंदं खाल्ली होती, तिथं आता आभाळ होतं. आभाळाखाली खोल खड्डा आणि त्यात हिरवंनिळं, निजल्यासारखं पाणी. दोघी डंपरच्या उतारानं खाली उतरल्या. पाण्यावर दगडाच्या धुळीची साय धरली होती. गोजराबाईनं ती सारून हात बुडवला. मनगटाला झऱ्याचा तोच जुना गारवा लागला, आणि क्षणभर तिचा पदर ओला होता, मागं बायका हसत होत्या.

“आसरा ह्या हितं आल्यात,” ती म्हणाली.

“डोंगराखालून चालत?” रेश्माला हसू आलं.

“सुरुंग लागल्यावर तू बसली असतीस व्हय घरात?”

खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, कळशी भरली. रेश्मा घराकडं वळली, तर म्हातारीनं तिला झऱ्याच्या वाटेला लावलं. ते पाणी पिण्याजोगं नव्हतंच. पण हापशी कोरडी पडली की वरून तांब्याभर पाणी ओतायचं, मग खालचं पाणी त्याचा माग धरून वर येतं, हे कुठल्या बाईला ठाऊक नाही?

रेश्मानं झऱ्याच्या कपारीत कळशी हळूहळू रिकामी केली. पाणी कुठंच साठलं नाही. गोजराबाईनं खडकाला कान लावला.

“पितोय,” ती म्हणाली.

बाळ जागं झालं. रेश्मा तिथंच बसून त्याला पाजू लागली. ते ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. म्हातारीनं कान काढला नाही. खोल कुठंतरी घुटघुट चालली होती. बाळाच्या घशात की दगडात, तिला सांगता येईना.

रिकामी कळशी जवळ ओढत रेश्मा हळूच म्हणाली, “आजी, उद्याबी आणू एक कळशी.”