वेळेआधी वाजलेली शिट्टी

फ्रिजच्या पोटात बर्फाचे खडे खळ्ळकन पडले आणि स्वयंपाकघरातले तिघंही दचकले. रविवारची सकाळ होती. आदल्या दिवशी आमच्या टॅलमन कॉलेजच्या फुटबॉल संघावर बावन्न गुण चढले होते, आणि आज पडदा सारला तर अंगणातल्या गवतात कुणीतरी पाटी रोवून गेलं होतं. ‘घर विकणे आहे.’

घर कुणी विकायला काढलेलं नव्हतं. आमच्या गावात कोच नकोसा झाला की लोक त्याच्या दारात अशी पाटी लावतात. बेल वाजवून तोंडावर बोलायची हिंमत नसते ना!

सात वर्षांची मार्नी खिडकीला नाक लावून उभी होती. “डॅडी, आपण परत घर बदलतोय?”

“नाही गं. कुणाची तरी पाटी चुकून आपल्याकडं आलीय.”

“चुकून?” तिची आई कॉरीन अंडी परतत होती. तिनं उलथनं तव्यावर आपटलं. “ड्वाइट, पोरीला खोटं सांगू नकोस. हे तिचं चौथं गाव आहे. तिला सगळं कळतं.”

मी हे दाराजवळच्या खुंटीवरून बघत होते. मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे. पितळेची, वरचा निकेलचा मुलामा आता अर्धा उडालेला. गेली एकवीस वर्षं मी कोच ड्वाइट ह्रुस्का यांच्या गळ्यात आहे. तुम्हाला गोडगोड गोष्ट हवी असेल तर ती दुसऱ्या कुणाकडून ऐका. माझ्या पोटातली बुचाची गोळी झिजली आहे, राग नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याचे दोन तुकडे डाग देऊन जोडले, आत गोळी टाकली, हवेचा एक झोत सोडला, आणि मी पहिल्यांदा ओरडले. ओरडले म्हणून पास झाले. ज्या बहिणी ओरडल्या नाहीत त्या पुन्हा भट्टीत गेल्या. मग अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या या मक्याच्या गावात, वेंडेलच्या खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात, उंदराच्या सापळ्यांशेजारी मी वर्षभर टांगलेली होते. एके दिवशी तेवीस वर्षांचा एक सडपातळ तरुण आला. कॉलेजात मदतनीस कोच म्हणून त्याचा पहिला दिवस होता. वेंडेल स्वतः टॅलमनकडून खेळलेला. त्यानं मला काढून तरुणाच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, “घे पोरा. पण लक्षात ठेव, टॅलमनचा बचाव म्हणजे भिंत. हिला लाज आणू नकोस.”

आमच्याकडचा फुटबॉल पायांपेक्षा हातांनीच जास्त खेळतात. एक गडी चेंडू काखेत मारून पळत सुटतो, आणि बचावाच्या अकरा जणांनी त्याला धरून जमिनीवर लोळवायचं. कबड्डीतल्या पकडीसारखंच समजा, फक्त डोक्यावर टोप आणि खांद्यांवर चिलखत. ही पकड शिकवायचं काम ड्वाइटचं, आणि ‘झालं, सोडा’ हे सांगायचं काम माझं.

ते मला घेऊन गावोगाव फिरले आणि दोन वर्षांपूर्वी टॅलमनच्या बचावाचे मुख्य कोच म्हणून परत आले. दोन हंगाम आमच्यासमोर कुणाचं काही चाललं नाही. रविवारी चर्चबाहेर माणसं माझ्याकडं बोट दाखवून लेकरांना सांगत, “ती बघ, ती शिट्टी!” वेंडेलनं दुकानात गल्ल्यामागं ड्वाइटचा फोटो लावला होता. मला तेव्हा खरंच वाटायचं, ही माणसं आपल्यावर प्रेम करतात.

या वर्षी अकरांपैकी आठ जण पदवी घेऊन निघून गेले. त्यांच्या जागी पहिल्या वर्षाची पोरं आली, अठरा-अठरा वर्षांची. ऑगस्टमधल्या सरावाच्या दुसऱ्याच दिवशी एका पोराच्या गुडघ्यातून कड् असा आवाज आला. तो आवाज मी ड्वाइटच्या दातांमध्ये असताना ऐकला. बदली खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणखी दोघं जायबंदी झाले असते तर संघच उभा राहिला नसता. त्या दिवसापासून ड्वाइटनी नवी रीत सुरू केली. चेंडूवाल्याला हात लागला रे लागला की मी फुर्रर! “बस! धरलास ना? झालं. सोड त्याला.” पाडायचं नाही, लोळवायचं नाही. ऑगस्ट संपला, आणि त्यानंतर एकही पोरगं दवाखान्यात गेलं नाही. मला माझा केवढा अभिमान वाटला होता!

सप्टेंबर उजाडला आणि सामने सुरू झाले. एकेचाळीस गुण खाल्ले. मग अडतीस, मग पंचेचाळीस, आणि आता बावन्न. तिसऱ्या सामन्यापासून लोक मैदानात घरातल्या चाळण्या घेऊन येऊ लागले. आमचा बचाव चाळणी आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. हजारभर चाळण्या उन्हात चमकायच्या. शाळेत एकानं मार्नीच्या डब्यातही चहाची गाळणी टाकली होती.

दर सोमवारी संध्याकाळी पर्लच्या खानावळीत कोच लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात आणि गावचा रेडिओ ते ऐकवतो. वाटीत चिली म्हणजे राजमा-खिम्याची तिखट आमटी, शेजारी दालचिनीचे गोड रोल, आणि समोर माइक. त्या सोमवारी सगळ्या संघाचे मुख्य कोच बर्ल स्टॅडलर यांनी ड्वाइटनाही शेजारी बसवलं. मी गळ्यातच होते. खानावळ खच्चून भरलेली, आणि एकाच्याही चेहऱ्यावर भूक नव्हती.

पहिला उठला तो वेंडेल.

“ड्वाइट, या आठवड्यात माझ्या दुकानातल्या चाळण्या संपल्या बघ. तुझ्यामुळं कुणाचं तरी भलं झालं म्हणायचं.”

सगळे खो खो हसले.

“अहो, पण पोरं किती लहान आहेत!” गल्ल्यावरून पर्ल म्हणाली. “त्यांना मिशा तरी फुटू द्या.”

“आणि समोरच्या संघात काय नातवंडंवाले खेळतात?” वेंडेल तिच्याकडं वळला. “लहान म्हणे! कच्चं पोरगं पिकवायलाच कोच ठेवतात.”

“पोरं कच्ची नाहीत, बुळी आहेत!” खिडकीजवळून कुणीतरी ओरडलं. “माझी सासू काठी टेकत यांच्यातून पलीकडं जाईल.”

“जाईल, आणि परत येऊन काठी विसरली म्हणून पुन्हा जाईल!”

अर्धी खानावळ म्हणत होती कोच बेकार, अर्धी म्हणत होती पोरं नवखी. गंमत म्हणजे दोन्ही बाजू शिव्या देत होत्या त्या मात्र ड्वाइटनाच. मागच्या टेबलावर बचावातला टेरेल ओडम बसला होता. दूर ॲलाबामाहून आलेलं लांब हातांचं पोरगं. त्याचा रोल तसाच ताटलीत होता.

स्टॅडलरनी माइक ओढला. “हे बघा, पोरांना अनुभव नाही, हे खरं कारण आहे. ज्यांना पाडता येत नाही त्यांना मी बाकावर बसवतो. काय ड्वाइट, बरोबर ना?”

नुसती मान हलवली असती तरी ते सुटले असते. ड्वाइटनी मागं टेरेलकडं पाहिलं.

“पोरं मी निवडली, मी शिकवली,” ते म्हणाले. “पाडता येत नसेल, तर ते मी शिकवलेलं नाही.”

मग वेंडेल म्हणाला, “म्हणजे पाटी बरोबर दारात लागलीय!” आणि टाळ्या पडल्या. खरं बोलणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण त्या कशासाठी असतात ते मी त्या दिवशी शिकले.

बाहेर गाडीशी स्टॅडलरनी त्यांना गाठलं. “मी तुला दार उघडून दिलं होतं, ड्वाइट. ते तू स्वतःच्या नाकावर आपटून घेतलंस. शनिवारी पुन्हा असंच झालं, तर रविवारी खोकी भरायला लाग.”

दुसऱ्या दिवशी मार्नीच्या शाळेला सुट्टी होती. ड्वाइट स्वयंपाकघरातल्या टेबलावर सामन्याचं चित्रण लावून बसले होते आणि ती त्यांच्या मांडीवर मक्याच्या लाह्या खात होती. एका जागी तिनं विचारलं, “डॅडी, इथं तू शिट्टी वाजवलीस का?”

“अगं, हा सामना आहे. सामन्यात पंच वाजवतात.”

“मग हा का थांबला?”

ड्वाइटनी चित्र मागं घेतलं. पुन्हा लावलं. टेरेलनं चेंडूवाल्याच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला होता. चांगला घट्ट. आणि मग, कुणी ‘झालं’ म्हटल्यासारखी त्याची बोटं उघडली. गडी निसटला आणि थेट सीमेपर्यंत गेला. पुढच्या खेळीत दुसऱ्या पोरानं तेच केलं. त्याच्या पुढच्या खेळीत तिसऱ्यानं. धरायचे आणि सोडायचे. अगदी शिकवल्याप्रमाणे.

ड्वाइटनी मान खाली घालून माझ्याकडं पाहिलं. मित्रांनो, एकवीस वर्षांत त्यांनी माझ्याकडं तसं कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षीची पोरं असती तर माझी ही लवकरची फुर्रर त्यांनी मनावर घेतली नसती. तीन-चार वर्षं लोळवून लोळवून त्यांच्या अंगात ते मुरलेलं होतं. सराव वेगळा, सामना वेगळा, हे त्यांना ठाऊक होतं. ही नवी पोरं मात्र माझं सगळं खरं मानायची. मी थांब म्हटलं की थांबायची, आणि मी नसले तरीही थांबायची. आता सांगा, दोष शिकवण्याचा की नवखेपणाचा? खानावळीतल्या त्या दीडशे तोंडांपैकी एकानंही हा प्रश्न मला विचारला नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, माझा.

“मी त्यांना जपायला गेलो, कॉरीन,” ड्वाइट म्हणाले. “आणि हात सोडायला शिकवून बसलो.”

कॉरीन कपड्यांच्या घड्या घालत होती. मार्नीच्या शाळेच्या स्वेटरची तिनं दोनदा घडी केली, दोनदा उलगडली.

“मग काढून ठेव ती शिट्टी,” ती म्हणाली.

“आणि कुणाला लागलं तर?”

तिनं स्वेटरची तिसऱ्यांदा घडी केली.

दुपारी मैदानावर ड्वाइटनी मला मार्नीच्या गळ्यात घातलं. “ही तुझ्याकडं. काही झालं तरी वाजवायची नाही. मी मागितली तरी द्यायची नाही.”

पहिल्या खेळीत पोरांनी चेंडूवाल्याला धरलं आणि सगळे थांबून कोचकडं बघू लागले.

“माझ्या तोंडाकडं काय बघताय? तो अजून उभा आहे! पाडा त्याला!”

“पण कोच, शिट्टी?” टेरेलनं विचारलं.

“शिट्टी मेली असं समज!”

हे ऐकून मला काय वाटलं ते सोडा. बुधवारी संध्याकाळपर्यंत पोरं धडाधड पाडायला लागली. मातीचे लोट उठत होते, ओठ फुटत होते, आणि टेरेल तर हसत होता. गुरुवारी त्यानं अंगानं दुप्पट असलेल्या एकाला मध्येच उचलून आडवं केलं. सुरेख पकड होती. पण दोघं पडले ते टेरेलच्या खांद्यावर, आणि वरून तिसरा येताना मला दिसला. मार्नीलाही दिसला. तिनं मला ओठांना लावलं. तिचा श्वास माझ्या गोळीपर्यंत आला आणि तिथंच थांबला, कारण डॅडीनं सांगितलं होतं, वाजवायची नाही.

गळ्याजवळचं हाड मोडलं. टेरेलचा हंगाम संपला.

शनिवारी आम्ही सतरा-तेरानं जिंकलो. टेरेल हात झोळीत बांधून कडेला उभा राहून ओरडत होता, आणि त्याच्याविना बाकीची पोरं घोरपडीसारखी चिकटत होती. सामना संपल्यावर वेंडेल कुंपणावरून वाकून म्हणाला, “कान उपटल्याशिवाय कोच सुधारत नाही, मी म्हणत होतो ना!” पर्ल म्हणाली, “चल, गप्प! पोरं पिकली, दुसरं काय?” स्टॅडलर रेडिओवर म्हणाले, आमचा धीर कामी आला. सगळेच बरोबर ठरले. एकाही माणसाला आपलं काही चुकलं असं वाटलं नाही, आणि झोळीतल्या हाताकडं त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नाही.

मित्रांनो, तुम्ही कधीतरी कुंपणाच्या बाहेर उभे असाल आणि आत कुणीतरी हरत असेल. तेव्हा ओरडायच्या आधी एवढंच करा, त्याचे हात बघा. ते कुणाला तरी जपताना रिकामे झालेले असू शकतात. आणि कुणाला जपायचं असेल तर पूर्ण जपा. अर्धवट जपणं काय करतं ते मी जवळून पाहिलं आहे.

रविवारी कॉरीननं कोबी आणि खिमा भरलेले गरम पाव कापडात बांधले आणि मार्नीला घेऊन ती वसतिगृहावर गेली. मी मार्नीच्या गळ्यात होते. टेरेलनं डाव्या हातानं दार उघडलं.

“मॅडम, एवढं सगळं मला? एका हातानं संपायला नाताळ उजाडेल.” मग मार्नीकडं वाकून म्हणाला, “कोचना सांग, बाकावर बसायचं कसं ते मला कुणी शिकवलंच नाही.” आणि स्वतःच हसला. हसताना खांदा हलला, तसा त्याचा चेहरा पांढरा पडला.

परतीच्या वाटेवर मका कापून झालेल्या शेतांमधून गाडी चालली होती. कॉरीन उगाच मोकळ्या आवाजात म्हणाली, “आता आपल्याला कुठं जायचं नाही, बरं का. तुझ्या खोलीला नवे पडदे शिवू. पिवळे हवेत ना?”

मार्नी मला मुठीत धरून बसली होती. मग तिनं विचारलं, “मम्मी, तू डॅडीला शिट्टी काढून ठेव म्हणालीस ना, तेव्हा तू कुणाचा विचार करत होतीस? टेरेलचा, की आपल्या घराचा?”