साहेबांच्या घरचा प्रिंटर

रविवारी सकाळी धर्माधिकारी साहेबांचा फोन आला तेव्हा मोनाली बापाच्या फुलांच्या गाड्यावर शेवंतीचे हार मोजून देत होती.

"मोनाली, घरचा प्रिंटर चालत नाहीये. सोहम काल संध्याकाळपासून झटतोय. तू जरा येऊन जा."

सोहम म्हणजे साहेबांचा अकोल्याचा पुतण्या. त्यानं तिकडच्या कोर्टात दोनेक वर्षं वकिली केली होती. चार दिवसांपासून तो अमरावतीत काकांकडे मुक्कामी होता.

"साहेबानं बलावलं त जाय," तिचा बाप गोवर्धन म्हणाला. "गाडा मी पायतो. अन देवाले हार घेऊन जाय." दर रविवारी साहेबांच्या देवघरासाठी त्याच्याकडून हार जायचा. मुलीला वकील केलं ते साहेबांनी, असं तो सगळ्यांना सांगायचा.

खरं म्हणजे मोनाली परीक्षा देऊन वकील झाली होती. पण सनद हातात आली त्याच महिन्यात कमलाकांत धर्माधिकारींनी तिला ज्युनियर म्हणून घेतलं, हेही खरं. त्याला नऊ वर्षं झाली होती. पावसाळ्यात साहेबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं कोर्टात जाणं सुटलं. कोर्टाजवळचं ऑफिस सोडून फायलींची कपाटं घरच्या पुढच्या खोलीत आणली. तेव्हापासून रोज कोर्टात मोनालीच उभी राहायची. दवाखान्यात साहेब तिला म्हणाले होते, "माझ्यामागे हे सगळं तुलाच बघायचंय." साहेबांच्या पत्नी ताराकाकू तेव्हा तिथेच बसल्या होत्या.

दार ताराकाकूंनीच उघडलं. "आलीस? बरं झालं. सोहम नाश्त्याला गिलावडा आणायला गेलाय."

साहेब खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बसले होते. प्रिंटर टेबलावर होता. त्याचा निळा दिवा सारखा लुकलुकत होता. मोनालीनं तो बंद केला, मिनिटभर थांबून परत लावला. वायफायचं बटण दाबून धरलं. छोट्या पडद्यावर शेजारपाजारच्या घरांची सगळी नेटवर्कं आली, या घरचंच आलं नाही.

"राउटर बदलला का, साहेब?"

"परवा सोहमनं नवा बसवून घेतला. जुना हळू चालायचा म्हणे."

मग तिच्या लक्षात आलं. नवा राउटर वेगवान लहरींवर चालत होता आणि या प्रिंटरला जुन्या, हळू लहरीच तेवढ्या समजत होत्या. तिनं काकूंकडून पासवर्ड घेतला. काकूंनी तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता. फोनवरून राउटरची सेटिंग उघडली, बंद असलेल्या हळू लहरी चालू करून त्यांना वेगळं नाव दिलं आणि परत प्रिंटरपाशी आली. आता यादीत नाव दिसलं. बाणाच्या बटणांनी एकेक अक्षर शोधत पासवर्ड घातला. एकदा चुकला, कारण काकूंचा शून्य तिला 'ओ' वाटला होता. दुसऱ्यांदा दिवा लुकलुकायचा थांबला.

"झालं? तुला बाई सगळं येतं," साहेब म्हणाले. तिला बरं वाटलं.

"आता एक पान काढून बघ. सोहमचा लॅपटॉप उघडाच आहे."

तिनं लॅपटॉप नव्या नावाशी जोडला. प्रिंटरपुढे 'ऑफलाइन' लिहिलं होतं ते गेलं. ती तपासणीचं पान द्यायला गेली, तर तेवढ्यात प्रिंटर आपणहून घरघरायला लागला. काल सोहमनं पुन्हा पुन्हा प्रिंट दिली होती आणि ती सगळी कामं आत अडकून पडली होती. पानं एकामागून एक बाहेर यायला लागली.

"ते राहू दे," साहेब एकदम म्हणाले. "थांबव ते."

पण पहिलं पान तिच्या हातात होतं. वर नवं लेटरहेड होतं. खाली पक्षकारांना पत्र: 'प्रकृतीच्या कारणास्तव मी येत्या एक तारखेपासून निवृत्त होत आहे. माझी सर्व प्रकरणे यापुढे माझा पुतण्या ॲड. सोहम धर्माधिकारी पाहील. टायपिंग व तारखा यासाठी कार्यालयीन सहायक मोनाली यांच्याशी संपर्क साधावा.' शेजारी तिचा मोबाइल नंबर.

नावाआधी ॲड. नव्हतं. नावानंतर आडनावही नव्हतं. भाषा सोहमची नव्हती. 'आणि'च्या जागी 'व' लिहायची सवय साहेबांची. नऊ वर्षं त्यांची पत्रं तिनंच टाइप केली होती.

"साहेब, हे कधी ठरलं?"

"अगं, मी सांगणारच होतो तुला. तुला कुणी काढत नाहीये. तुझं काम तेच राहील."

"मी वकील आहे. सहायक नाही."

"हे बघ," साहेब शांतपणे म्हणाले, "पक्षकार नाव बघून येतात. आमच्या घरात ही तिसरी पिढी आहे. उद्या दारावर तुझी, खेरडे नावाची पाटी लागली, तर लोक विचारतील, ती फुलवाल्याची पोरगी का? मी वाईट अर्थानं नाही बोलत. तूच विचार कर."

कोर्टात मले-तुले चालत नाही, असं पहिल्याच आठवड्यात साहेबांनी तिला बजावलं होतं. तेव्हापासून त्यांच्यासमोर ती जपून बोलायची. आता तिला जपता आलं नाही.

"मंग नऊ वर्सं कोर्टात कोन उभं होतं, साहेब? तुमचं नाव उभं होतं का?"

"आवाज खाली," साहेब म्हणाले.

मोनालीनं ताराकाकूंकडे पाहिलं. चहाचा ट्रे घेऊन त्या दारातच थांबल्या होत्या. "चहा घे ना," त्या म्हणाल्या. "रविवारी कशाला हे विषय?"

तेवढ्यात सोहम गिलावड्याचा पुडा घेऊन आत आला. "अरे वा, चालू झाला! ताई, काय प्रॉब्लेम होता?"

आणि मोनालीनं त्याला सांगितलं. राउटरची दोन नावं केली आहेत, प्रिंटर दुसऱ्यावर आहे, लॅपटॉपही त्यालाच जोडून ठेवा. नीट समजावून सांगितलं. नंतर वाटेत गाडी चालवताना, आपण एवढं समजावत बसलो याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. निघताना तिनं कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "उद्या अकराला ये, सोहमला फायली दाखवायच्यात," असं साहेब मागून म्हणाले. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

गोवर्धननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मोठ्या मानसाले असं बोलत असते का? जाय, माफी माग." ती ऐकेना, तेव्हा पुढच्या रविवारी तो स्वतःच हार घेऊन साहेबांकडे गेला.

तिनं कोर्टाच्या आवारात, शपथपत्रं टाइप करणाऱ्यांच्या रांगेत एक टेबल टाकलं. महिनाभरात दोन कामं आली. जुने पक्षकार दिसायचे, हसायचे, पुढे जायचे.

एक दिवस शेंदूरजनाघाटचे पंजाबराव टेबलापाशी आले. त्यांच्या संत्र्याच्या बागेचा धुरा, म्हणजे बांध, शेजाऱ्यानं रेटला होता. सहा वर्षं तो दावा मोनालीनंच चालवला होता. जमिनीच्या मोजणीच्या वेळी भर मे महिन्यात ती त्यांच्या धुऱ्यावर उभी राहिली होती.

"राम राम, वकीलबाई. आपली तारीख कितीले हाय?"

"चौदाला."

"साहेबायचं पत्र आलं," ते खाली बघत म्हणाले. "पोरगं नवीन हाय. पन घर जुनं हाय ना, बाई."

मोनालीनं मान हलवली. मोजणी करणाऱ्याला साक्षीला बोलवायचा अर्ज चौदाच्या आधी द्यायला हवा होता. न्यायाधीशांनी गेल्या वेळी तोंडी बजावलं होतं. फायलीत त्याची नोंद नव्हती, फक्त तिला माहीत होतं. शब्द तोंडापर्यंत आले. पंजाबराव वळून सोहमला शोधत आत गेले आणि ती बसून राहिली.

चौदा तारखेला सोहमनं मुदत मागितली. गेल्या वेळीच बजावलं होतं, असं म्हणत न्यायाधीशांनी ती दिली नाही. पंजाबरावांच्या बाजूचा पुरावा बंद झाला. मोजणीवाल्याची साक्ष आता होणार नव्हती. ते बाहेर आले आणि सरळ तिच्या टेबलापाशी येऊन थांबले.

"त्या मोजनीवाल्याचं तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही तारीख विचारली होती," मोनाली म्हणाली.

तिला वाटलं, पंजाबराव आता चार शब्द सुनावतील, आणि सुनावले तर बरं होईल. पण त्यांनी टोपी सारखी केली, पिशवी खांद्याला अडकवली आणि राम राम न करता बसस्टँडकडे निघून गेले.