रविवारची तपासणी

"सर, आता यातून काहीच निघत न्हाई," म्हणत राधेश्यामनं डिस्क काउंटरवर ठेवली.

जुन्या जालन्यातलं त्याचं दुरुस्तीचं दुकान. राजानंद परवा भोकरदनहून बसनं आले होते, कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन; आज तो परत न्यायला आले होते. नोकरी शाळेतल्या कारकुनाची, पण गावात शाळेच्या शिपायालाही सर म्हणतात, तसे तेही सर.

"बिलकुल न्हाई? एक फाइल निघाली तरी चालंल. 'कौसल्या' नावाची."

"परवापासून तेच करून राह्यलो, सर. डिस्क आतून हळूहळू खराब होत आल्ती. तपासणी केली असती तर आधीच कळलं असतं, कॉपी काढून घेतली असती. लावली न्हवती का तपासणी?"

"लावली होती," राजानंद म्हणाले आणि चादरीची घडी घालत बसले.

तपासणी अक्षतानं लावली होती. पुण्याला नोकरी करणारी लेक मागच्या उन्हाळ्यात आली, तेव्हा बजावून गेली, "पप्पा, दर रविवारी मशीन चालू केलं की ते आधी आपली डिस्क तपासंल. तासभर लागंल. मधी हात लावायचा न्हाई."

"बराबर," ते म्हणाले होते.

विहारातली रविवारची वंदना त्यांच्या पत्नी कौसल्याबाईच सांगायच्या. त्या आजारी पडल्या तेव्हा राजानंदांनी घरीच कॉम्प्युटरला माइक लावून त्यांची वंदना रेकॉर्ड केली. त्यात त्रिसरण झाल्यावर बाई मध्येच थांबतात आणि म्हणतात, "अवो, तो पंखा बंद करा आधी. खरखर येऊन राह्यली." मग पंचशील सुरू. बाई गेल्या आणि वंदनेइतकंच हे वाक्यही त्यांना ऐकायला हवंसं झालं.

रविवारी आंघोळ करायची, पांढरा सदरा घालायचा, तथागत आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची आणि मग ती वंदना लावायला मशीन चालू करायचं. पडद्यावर सूचना यायची: डिस्कची तपासणी सुरू होत आहे, नको असल्यास कोणतंही बटण दाबा. इकडे मेणबत्ती पेटलेली, हात जोडायला आलेले. पेटल्या मेणबत्तीला तासभर ताटकळत ठेवायचं? राजानंद बटण दाबायचे. रविवार काय, पुन्हा येतोच. मशीन आधी चालू करावं आणि मेणबत्ती मागून लावावी, ही साधी गोष्ट शिस्तीच्या या माणसाला एकदाही सुचली नाही.

बसस्टँडवरून त्यांनी अक्षताला फोन लावला.

"तपासणी होऊ देत होता ना, पप्पा?"

हो म्हणता आलं असतं. "न्हाई, बाई. दर रविवारी बंद करत गेल्तो. तुझ्या आईचा आवाज ऐकायची मला घाई व्हायची. त्या घाईतच घालवलं मी तिला."

पलीकडून ती रडत म्हणाली, "मी तरी मोबाइलमधी घ्यायचं ना! दरवेळी मीच म्हणायचे, पुढच्या खेपंला घेऊ."

बाप-लेक दोघंही एकाच मातीचे, आणि दोघांनाही समजावणारी आता घरात नव्हती.

पुढच्या रविवारी राजानंदांनी आंघोळ करून सदरा घातला. मेणबत्ती लावली नाही. आधी मशीन चालू केलं. राधेश्यामनं बसवून दिलेल्या नव्या डिस्कची तपासणी सुरू झाली. ते हात मांडीवर ठेवून, कशालाही न शिवता समोर बसून राहिले. आत काही नव्हतंच, त्यामुळे तपासणी लवकर आटोपली. कोणताही दोष आढळला नाही, असं पडद्यावर आलं.

त्यांनी मेणबत्ती लावली आणि स्वतःच वंदना सुरू केली. आजवर ते कौसल्याबाईंच्या मागून म्हणत आले होते. पुढे व्हायची सवय नसल्यानं आवाज अडखळत होता. त्रिसरण झालं, तसे ते थांबले.

उठून त्यांनी पंखा बंद केला. मग परत येऊन बसले आणि पंचशील म्हणू लागले.