बारा उथळ चर

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. आधीच सांगून ठेवते, माझ्या गोष्टीत रक्त आहे. ऐकताना कोणाला भीती वाटली, तर त्याने खुशाल शेजारच्याचा हात धरावा.

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या डोंगरांत, मेंढरांच्या मागे माझे आयुष्य गेले. माझ्या चापाभोवती एक लोखंडी कडी आहे. ती खाली ओढून पुन्हा वर घेतली, की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि नवे काडतूस नळीत जाते. लोक ती कडीच बघत बसतात. पण माझा खरा स्वभाव नळीच्या पोटात आहे. तिथे पीळदार चर कोरलेले आहेत. भोवरा फिरतो आहे तोवरच उभा राहतो ना? गोळीचेही तसेच. चरांनी पकडून फिरवली, तर ती सरळ जाते. नाही फिरली, तर कोलांट्या खात कुठेही जाते.

माझ्या आधी त्या घरात एक रायफल होती. तिला मी थोरली म्हणते. तिच्या नळीत सहाच चर होते, पण खोल. माझ्या नळीत बारा आहेत आणि अगदी उथळ, जणू नखाचे ओरखडे. दुकानात मिळणाऱ्या, तांब्याचे कवच चढवलेल्या गोळ्या मला छान मानवत.

घर बेन्यात इरिगोइन आणि त्याची धाकटी बहीण ग्राशी यांचे होते. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरांतून आलेली बास्क माणसे, पिढीजात मेंढपाळ. त्यांचे वडील वारले होते. वडिलांना ते 'अइता' म्हणत आणि दिवसातून दहा वेळा त्यांचे नाव काढत. अइता जुन्या नळांचे मऊ शिसे वितळवून घरीच साच्यात गोळ्या ओतायचे. त्या गोळ्यांवर थोरलीने वीस वर्षे कळप राखला. मग एका वसंतात खेचर नदीत वाहून गेले आणि त्याच्या पाठीवरची थोरलीही गेली. माझी नेमणूक झाली. साचा मात्र अइतांचाच राहिला.

ग्राशीने एकदा झाडाला कागद टाचून मला तपासले. सहा बार काढले. कागदावरची भोके गोल नव्हती. लांबट होती, किल्लीच्या भोकासारखी. गोळ्या आडव्या होऊन शिरल्या होत्या. ती कागद घेऊन भावाकडे गेली. तो घेवड्याच्या रश्शात पाव बुडवून खात होता.

"हे बघ, गोळी फिरतच नाहीये," ती म्हणाली. "या नळीला मऊ शिसं धरता येत नाही. जरा जाड गोळी हवी, आणि कडक."

"अइतांच्या साच्यात खोट काढणारी तू पहिलीच."

"साच्यात नाही रे. साचा त्या रायफलीचा होता."

"रायफल ती रायफल. दारू कमी पडत असेल हिला."

"दारू वाढवलीस तर आणखी घसरेल."

"बरं, मास्तरीणबाई. मेंढरांची शाळा घे जा, ती तरी खाली मान घालून ऐकतील."

त्याने दारू वाढवली. मित्रांनो, चिखलात कोणी जोराने ढकलले, तर पाय रोवतो का? मऊ शिसे माझ्या उथळ चरांवरून तसेच घसरू लागले. त्याचा लेप चरांत बसला आणि होते ते चरही बुजले. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही.

ऑगस्टमधल्या एका सकाळी तपकिरी अस्वल कळपात शिरले. बेन्यात मला घेऊन धावला, तोवर अकरा मेंढ्या पडल्या होत्या. एकीची पाठ मोडली होती आणि ती पुढच्या पायांनी स्वतःला ओढत होती. दुसरीची आतडी गवतावर पसरली होती. बेन्यातने ऐंशी पावलांवरून नेम धरला. नेम चांगला होता. गोळी माझ्या तोंडातून निघाली तीच भेलकांडत. ती आडवी होऊन अस्वलाच्या खांद्याचे मांस फाडून गेली, हाडापर्यंत पोचलीच नाही. अस्वल ओरडले आणि वाळुंजाच्या झुडपात घुसले.

जखमी जनावर तसेच सोडायचे नाही, हा मेंढपाळांचा कायदा. बेन्यात झुडपात शिरला. अस्वल तीन उड्यांत अंगावर आले. त्याने बार काढला, गोळी बाजूच्या झाडात गेली. मग मी हातातून उडाले, उतारावरून घरंगळत दूर गेले आणि तो खाली पडला. अस्वलाने त्याचा चेहरा जबड्यात धरला. हाड करकरले, ते मी ऐकले. बेल्त्सा नावाची काळी कुत्री अस्वलाच्या मागच्या पायाला डसली. अस्वलाने बेन्यातचा चेहरा सोडून एका फटक्यात तिचे पोट उघडले, तरी तिने दात सोडले नाहीत.

ग्राशी आली. तिने मला उचलले, कडी ओढली आणि खांद्याला लावले. तिच्यापासून अस्वल वीस पावलांवर होते. तिचा गाल माझ्या दस्त्यावर टेकला. आणि ती थांबली. ती लांबट भोके तिने पाहिली होती. इथून झाडलेली गोळी अस्वलाला लागेल की भावाला, ते कोणीच सांगू शकत नव्हते.

तिने मला खाली घेतले आणि ती चालू लागली.

"ग्राशी, मार," बेन्यात खालून म्हणाला. शब्द रक्तातून येत होते.

"हलू नकोस."

"मार, बाई."

"येतेय ना. गप्प पडून राहा."

अर्ध्या वाटेवर अस्वलाने मान वर केली. त्याच्या दातांत बेन्यातची टोपी अडकली होती. ते तिच्याकडे बघत राहिले. ती थांबली नाही, पळाली नाही. तिने माझे तोंड त्याच्या कानामागे टेकवले, तेव्हा गरम, ओले केस मला लागले. नळी डोक्याला भिडली असेल, तर गोळी फिरली काय आणि न फिरली काय. तिने चाप ओढला, कडी ओढली, पुन्हा चाप ओढला. अस्वल बेन्यातवरच कोसळले. दोर बांधून दुसऱ्या खेचराकडून ते धूड ओढून काढावे लागले.

बेल्त्सा दुपारपर्यंतही जगली नाही. बेन्यात जगला. डावा डोळा गेला, जबडा वाकडा झाला.

पानगळीत ग्राशीने माझ्या नळीतून शिशाचा तेलकट तुकडा ठोकत पार नेला आणि तो मापला. माझे पोट थोरलीपेक्षा केसाएवढे मोठे निघाले. तिने त्या मापाचा साचा मागवला. मोटारीच्या चाकांचा तोल साधायला शिशाचे कडक तुकडे लावतात, ते वितळवले आणि प्रत्येक गोळीच्या बुडाशी तांब्याची टोपी बसवली. मला घासून स्वच्छ केले. मग कागदावर भोके पडली ती गोल, एकमेकांना चिकटून.

बेन्यातने एका डोळ्याने तो कागद खूप वेळ पाहिला.

"केसाएवढाच फरक?"

"एवढाच."

"आणि तू सांगितलं होतंस."

"जेव आता. रस्सा निवतोय."

त्यानंतर मी तीस वर्षे काम केले. पाहुणे मला हातात घेऊन म्हणत, काय गुणी रायफल आहे. आता मी कुलूपबंद लोखंडी कपाटात असते आणि वर्षाकाठी कोणी तेलाचा बोळा फिरवला तर फिरवला. मित्रांनो, बंदुकीला तुम्ही कधी हात लावू नका. पण उद्या तुमच्या हाती कोणतेही हत्यार किंवा यंत्र आले, तर आधी त्याच्या पोटात बघा, माप घ्या. थोरलीला मानवले ते धाकटीला मानवेलच, असे धरून चालू नका.

लोक अजून ग्राशीच्या धैर्याची गोष्ट सांगतात आणि माझी मान खाली जाते. ते वीस पावलांचे अंतर गोळीने कापायचे असते, माणसाने नाही. ते माझे काम होते. ते तिला चालत जाऊन करावे लागले.