तापीकाठचा शेंदरी खांब

मी एक जुना दिव्याचा खांब आहे. समुद्र मी पाहिलेला नाही. माझी सारी नोकरी तापीकाठी, गावच्या नावघाटावर झाली. मित्रांनो, तुम्ही मला दीपस्तंभ म्हणाल. इथं एवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती.

प्रेमकुंवरबाई कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. त्यांच्या माणसांची नाव अंधारात खडकावर फुटली, तेव्हा त्यांनी मला काळ्या दगडात बांधून घेतलं. वर एक कोनाडा ठेवला. झुलाल नावाडी दिवेलागणीला त्यात दिवा लावी, आणि पलीकडची नाव तो दिवा धरून नीट घाटाला लागे.

मग पूल झाला. नाव गेली, झुलालही गेला. माझ्याकडे अंग घासायला बकऱ्या येत, आणि झुलालची लेक भिकुबाई. ती मला पाठ टेकून नदीकडे बघत बसायची. आम्ही दोघंही फार बोलणारे नव्हतो.

पुढे गावातल्या प्रेमराजची हरवलेली म्हैस माझ्यापाशी सापडली. त्यानं आनंदाच्या भरात मला शेंदूर फासला, कोनाडा सिमेंटनं बुजवला आणि त्यावर डोळे रंगवले. मला नदी दिसायची ती त्या कोनाड्यातूनच, हे त्याला कोण सांगणार!

यंदा घाटावर रस्ता आला. रस्त्याचे साहेब म्हणाले, "नुसता खांब असेल तर पाडतो. देव असेल तर रस्ता वळवतो."

"देवच शे!" प्रेमराज म्हणाला.

"कोणता देव?"

"नवा शे, साहेब. नाव ठेवनं बाकी शे," मागून कुणीतरी बोललं. बठ्ठे, म्हणजे सारेच, हसले. साहेब काही हसले नाहीत. त्यांनी मशीनवाल्याला हाक मारली.

"थांबा, भिकु अक्काले विचारा," गर्दीतला मगन म्हणाला. "बठ्ठासमा जुनी तीच शे."

खरं काय ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. खरं बोलली, की मी पडणार. ती उठली, माझ्याकडे बघत राहिली. मग डोक्यावर पदर घेतला.

"देव शे," ती म्हणाली, आणि साऱ्यांदेखत माझ्या पाया पडली. मला पाय नाहीत, तरी पडली.

मी वाचलो. रस्ता वळला. पण देवाला पाठ कशी टेकायची? आता ती समोर लांब, एका दगडावर अवघडून बसते. लोक मला नवस बोलतात. मला त्यातलं काही कळत नाही. मला फक्त नाव घाटाला लावता येते.

मित्रांनो, मला नारळ नको. घाटावर आलात, तर त्या म्हातारीपाशी जरा बसा. मी कोण होतो ते तिला विचारा. ती आहे तोवर विचारा. आणि हळूच विचारा. साहेबांच्या कानावर जायला नको.