तळेकोंडचा रोमन राजा

तळेकोंडच्या वगात राजा हरत नसे, मग तो रावण असो की कंस. राजाचं काम आप्पा खोतांच्या घराण्याकडे, तो त्यांचा मान. शिमग्यात देवीची पालखी ज्या चौथऱ्यावर बसते त्याला गावात सहाण म्हणत, आणि सहाणेपुढे मानकऱ्याने हार खाल्ली तर देवी कोपते, असं आप्पांच्या आजोबांनी सांगून ठेवलं होतं. देवी स्वतः याबद्दल काही बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आप्पा रावण झाले. रामाने बाण लावला, आप्पांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि रामाने बाण उतरवून भात्यात ठेवला. मग दोघांची समजूत झाली, सीता मानाने परत मिळाली आणि जाताना रावणाने सगळ्या वानरसेनेला चहा पाजला. त्याच्या आदल्या साली कंसाने कृष्णाला भाचा म्हणून टोपी-उपरणं देऊन गोकुळात रवाना केलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन कुळथाची पिठी नि भात ओरपला. पुराण बिघडलं तर बिघडो, आप्पांचा चेहरा बिघडता कामा नये, ही गावाची रीत.

गंगारामला या रीतीची शिसारी होती. गावाचे वग तोच लिहायचा आणि नमनाच्या खेळात संकासूर तोच व्हायचा. काळा झगा, टोकदार टोपी, वाखाची पांढरीशुभ्र दाढी आणि हातात सुंभ वळून केलेला फटका. रावण मारलेलं शेवटचं पान दरवेळी त्याच्या वहीत शाबूत असे. सहाणेपुढे आलं की ते आपोआप बदलायचं. पूर्वी तो मुंबईहून रजा काढून शिमग्याला यायचा आणि चार दिवसांनी सगळं विसरून परत गिरणीत जायचा. पण ब्याऐंशी साली संप झाला आणि गिरणीचं दार त्याला पुन्हा उघडलं नाही. दीड वर्ष रस्त्यावर घोषणा देऊन घसा बसवून घेतला आणि शेवटी एक पत्र्याची ट्रंक घेऊन तो गावी आला. आता त्याच्या जिवात एकच इच्छा उरली होती. मरायच्या आधी एकदा तरी मोठा माणूस हरलेला डोळ्यांनी बघायचा. खऱ्यात जमलं नाही, तर निदान वगात.

ती संधी हमीदने आणली. हमीद खालच्या बंदरातला, बोटीवर खलाशी. फ्रान्सच्या कुठल्याशा बंदरात फुटपाथावर त्याने चित्रांचं एक पुस्तक घेतलं होतं. भाषा त्यालाही येत नव्हती, पण बोटीवर स्वयंपाक करणाऱ्या भंडाऱ्याने त्याला गोष्ट समजावली होती. दोन हजार वर्षांपूर्वी फ्रान्सात गॉल नावाचे लोक राहत. रोमच्या राजाने सगळा मुलूख घेतला, पण काही गावं त्याला दाद देत नव्हती. चित्रांत मिशाळ गॉल रोमन शिपायांना पिटाळत होते आणि शिपाई घागरे सावरत पळत होते. गंगारामने ते पुस्तक तीन दिवस उशाशी घेतलं आणि चौथ्या दिवशी वही उघडली.

वग झाला तोही तसाच. रोमची फौज गावावर येते तेव्हा गॉल लोक रस्त्यावर फणसाचा चीक ओततात आणि अख्खी पलटण चिकटून बसते. दुसऱ्यांदा येते तेव्हा शिपायांच्या वाळत घातलेल्या घागऱ्यांना खाजकुयली चोळून ठेवतात. फ्रान्सात फणस आणि खाजकुयली कुठून आली, हे विचारण्याइतकं फ्रान्स तळेकोंडात कुणी पाहिलं नव्हतं. गवळण झाल्याशिवाय नमन पुढे सरकत नाही, म्हणून मथुरेच्या बाजाराला निघालेल्या पाच गवळणीही रोमच्या वाटेनेच जात होत्या. संकासूर तर हवाच, तेव्हा तो गॉलांचा विदूषक झाला. आणि शेवटच्या पानावर रोमचा राजा डोक्यावरचा मुकुट काढून गावाच्या पायरीवर ठेवतो आणि म्हणतो, या गावावर माझं राज्य नाही.

कामं वाटायच्या दिवशी आप्पांनी एवढंच विचारलं, की यात राजे किती. गंगारामने सांगितलं, एक गॉलांचा गावकार आणि एक रोमचा राजा. मुकुट कुणाचा मोठा? रोमच्या राजाचा. मग तो मी, असं म्हणून आप्पा पानाचा डबा घेऊन उठले. शेवट काय, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या मते शेवट ठरलेलाच होता. राजाने तालमीला यायचं नसतं हाही त्यांचा मानच, त्यामुळे वही त्यांच्या हातात पडली नाही. गंगारामला तर आनंदाने रात्री जेवण गेलं नाही. बायकोने, राहीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, की यंदा रावण मरतोय.

राही घागरे शिवत होती. तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, की मारणारे कोण ते आधी बघा.

मारणारे बघण्यासारखेच होते. गॉलांचा गावकार शिवा. खोतांच्या कलमांची राखण करणारा, तालमीत असा गरजायचा की देवळातली वटवाघळं उठत. त्याच्या मागे सात गॉल, सगळ्यांच्या मिशा काजळाने ओढलेल्या. रोमन पलटणीत बाबल्या पुढे. शिरस्त्राणं डालड्याच्या डब्यांची, वर नारळाच्या काथ्याचा तुरा, आणि ढाली म्हणून घराघरांतली सुपं. गंगारामने एके दिवशी सगळ्या गॉलांना मृदंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली: यंदा कुणी वाकायचं नाही. शिवाने तर दोन्ही हात ठेवले. म्हणाला, "गंगारामदादा, आप्पा काय नि कोन काय. वगात वग."

गंगारामचा विश्वास बसला. संपातही लोक असेच दोन्ही हात वर करत होते, तेव्हाही बसला होता. माणूस एकदा फसला की शहाणा होतो म्हणतात. तसं काही नसतं.

खेळ दरवर्षी गॅसबत्तीत होई, पण यंदा दोन्ही बत्त्यांच्या जाळ्या फाटल्या होत्या. तिकडे पोफळीला कोयनेचं पाणी पडून वीज होते, आणि ती तारांवरून सरळ मुंबईला जाते. तळेकोंडच्या वाट्याला तारांची सावलीसुद्धा नाही. तेव्हा खेळ दुपारी चारला ठेवला. उन्हात सहाणेसमोर गाव बसलं, बायका आंब्याखाली, मानकरी खुर्च्यांवर.

सुरुवात झकास झाली. फणसाच्या चिकाला लोक लोटपोट हसले. गवळणींना शिट्ट्या पडल्या, त्यातल्या एकीने तर घाम पुसताना स्वतःची मिशी उघडी पाडली. मग खाजकुयलीचा प्रवेश आला. तालमीत हा प्रवेश नुसत्या हातवाऱ्यांवर होई, पण गॉलांमधल्या कुणाला तरी हौस आली आणि त्याने बाबल्याच्या घागऱ्याला खरीखुरी खाजकुयली चोळली. बाबल्या आधी पाठ ठरलेलं बोलला, मग पाठ नसलेलं बोलला, मग सूप टाकून, डालड्याचा डबा फेकून, घागरा कमरेपर्यंत उचलून जो सुटला तो थेट खालच्या पऱ्यात, ओढ्याच्या पाण्यात जाऊन बसला. एवढा हशा त्या सहाणेने कधी ऐकला नव्हता. काळ्या झग्यात गंगारामच्या अंगावर काटा आला. गाव रोमला हसत होतं. आता फक्त शेवटचं पान.

आप्पा आले. अंगात जरीचा अंगरखा, डोक्यावर डालड्याच्याच मोठ्या डब्याचा रोमचा मुकुट, तोंडात पान. ते चालत मधोमध आले आणि त्यांच्यासाठी ठेवलेल्या पाटावर बसले. रोमचा राजा मांडी घालून बसतो का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. शिवाने लाकडी सोटा उचलून दोन पावलं टाकली आणि वाक्य सुरू केलं: "रोमच्या राजा, आमचा गाव लहान हाय, पन..."

आप्पांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि शिवाकडे बघितलं. रागाने नव्हे. कलमांवर औषध मारलंस का, असं विचारताना बघतात तसं.

शिवाचा सोटा आधी खांद्यावरून कमरेला आला, मग जमिनीला. 'पन'च्या पुढे त्याला काही आठवेना. दरवर्षी वग संपला की सगळे सोंगाडी राजाच्या पाया पडतात, ही सवय अंगात मुरलेली. वाक्य आठवत नाही म्हणजे वग संपला असणार, असं त्याच्या पाठीच्या कण्याने परस्पर ठरवलं आणि तो वाकला. तो वाकला म्हणून दुसरा वाकला. काजळाच्या मिशांचे आठही गॉल, दोन हजार वर्षं कुणाला न नमलेले, ओळीने रोमच्या पायावर डोकं ठेवून बाजूला झाले. उरलेले रोमन शिपाई तर आधीपासूनच रांगेत होते. प्रेक्षक उठून टाळ्या वाजवू लागले, कारण त्यांच्या लेखी शेवट बरोबर झाला होता.

उभा राहिला तो एकटा संकासूर.

संकासुराच्या फटक्याचा राग कुणी धरायचा नसतो. त्याने कुणालाही मारावं, मानकऱ्यालाही. बायका तर पोरांना मुद्दाम त्याच्यासमोर धरतात, फटका लागला की इडापिडा जाते म्हणून. गंगारामला हे ठाऊक होतं. मुकुट त्याच्यापासून दोन हातांवर होता. एक फटका, आणि डालड्याचा तो डबा सहाणेच्या पायरीवर घरंगळला असता. कुणी काही बोललं नसतं. देवीसुद्धा. त्याने सुंभ मुठीत आवळलं आणि हात वर नेला. आंब्याखाली राही उभी राहिली होती.

आप्पांनी मान वर केली, पानाचा डबा उघडला आणि पहिला विडा काढला. हा विडा दरसाल आप्पा स्वतःच्या भावाला देत. गंगारामने तीस वर्षं वग लिहिले, त्याला कधी सुपारीचं खांडही मिळालं नव्हतं.

"बरा लिहिलास हो यंदा," आप्पा म्हणाले. "ये, मानाचा विडा तुझा."

वर गेलेला हात तसाच राहिला. गाव बघत होतं. गंगारामला वाटलं, कुणीतरी मला बघतंय. गिरणीत बावीस वर्षांत मालकाने त्याला नावाने हाक मारली नव्हती, आणि इथे रोमचा राजा सगळ्यांदेखत त्याच्याच हातात पहिला विडा देत होता. विडा एका हाताने घ्यायचा नसतो. त्याने फटका काखेत धरला, दोन्ही हात पुढे केले. आप्पा पाटावर बसलेले, तेव्हा विड्यापर्यंत हात न्यायचा तर वाकायला हवं. तो वाकला. तेवढं वाकल्यावर पाय जवळच होते.

त्या दिवशी सहाणेपुढे आप्पांच्या पाया न पडलेला सोंगाडी एकच, बाबल्या. तो पऱ्यात बसून खाजवत होता.

संध्याकाळी गंगाराम घरी आला तेव्हा तोंड रंगलेलं होतं आणि वाखाच्या दाढीवरून हनुवटीखालपर्यंत लाल ओघळ आले होते. त्याने राहीला सांगायला सुरुवात केली, की शिवा कसा भ्याड निघाला, सात जण कसे मेंढरं निघाले, या गावाचं कधी काही होणार नाही. राही ऐकत होती. तिने त्याच्या कानामागून दाढी सोडवली, पडवीत नेऊन रिठ्याच्या पाण्यात घातली, चोळली, पिळली, उन्हाच्या उरल्यासुरल्या तिरिपेत धरून बघितली. लाल गेलं नव्हतं.

"आठ जनांनी फुकट पाय धरलानी," ती म्हणाली. "तुमी निदान पान तरी खाल्लंत."

आणि तिने दाढी दोरीवर, घागऱ्यांच्या शेजारी वाळत घातली.