कान-नाक-घशाचं स्थळ

बी.एस्सी. झालेल्या सरूला बघायला डॉक्टर बन्सीधर आला, तेव्हा औरंगपुऱ्यातल्या तिच्या घरच्या दोन खोल्या माणसांनी भरून गेल्या. कान-नाक-घशाचा डॉक्टर जावई मिळतोय म्हणून तिच्या वडिलांना, काकासाहेबांना आभाळ ठेंगणं झालं होतं. त्यांची विधवा बहीण वच्छलाबाईही बिडकीनहून मुद्दाम आली होती.

नाव विचारणं राहिलं बाजूला, बन्सीधर म्हणाला, "माझ्या पाटीवर जे येणार ते तुम्हाला म्हणता आलं पाहिजे. म्हणा, ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी."

सरू 'ओटोऱ्हाय'पाशीच अडखळली.

"तोडून म्हणा. ओटो म्हणजे कान, ऱ्हायनो नाक, लॅरिंगो घसा, लॉजी म्हणजे शास्त्र. सगळं ग्रीक."

सरूनं तोडून म्हटलं, मग जोडून म्हटलं. खरं तर तिला गंमत वाटली. एवढा अगडबंब शब्द, आणि आत आपलेच कान-नाक! बन्सीधरनं मान डोलावली नि पोह्यांची बशी उचलली.

तेवढ्यात वच्छलाबाई पुढं सरकली. "डॉक्टरसाहेब, माझा ह्यो कान लई दिसांपासून वाहतोय. पू येतो, वास मारतो."

"ओटोरिया!" पोहे चावतच तो म्हणाला. "ओटो कान, रिया वाहणं. म्हणा आत्याबाई, ओ-टो-रि-या."

"वट्टोरया."

तो खो-खो हसला. चावलेल्या पोह्यांचे कण सतरंजीवर उडाले. "पुन्हा म्हणा!"

तो बघेल म्हणून कान पुढं करून ती बिचारी पुन्हा म्हणाली. त्यानं कानाकडं बघितलंच नाही. पाहुणे हसले. काकासाहेबही हसले.

आत्या राहायला आली की तिच्या कानाला कापसाची वात रोज सरूच करून द्यायची, पण त्या पुवाची तिला कधी किळस आली नव्हती. हे ओलं, हसणारं तोंड मात्र बघवेना.

"आत्या, चल आत," ती उठली. "मला हे स्थळ नको."

"अगं, पाहुण्यांसमोर काय बोलतीस?" काकासाहेब ओरडले.

"कान बघितला का त्यांनी, आप्पा?" सरू वडिलांना म्हणाली. "नुसतं नाव ठेवलं."

पाहुणे चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी सरूनं आत्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं वाकून कान बघितला, पुसला, थेंब दिले. महिन्याभरात कान सुकला.

काकासाहेबांनी मात्र अबोला धरला. पुढं कधीतरी त्यांनी तो सोडला, पण ते हाक मारायचे तेव्हा सरूला आधी त्यांचं ते हसणंच ऐकू यायचं.